विश्लेषण : पाटीवरचे ‘डॉ.’ नेमके कोणाचे? कायदा, प्रथा आणि नंदुरबारचा प्रश्न

फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावावे की नाही, यावर सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने एक दिवस एक सांगितले आणि दुसऱ्या दिवशी ते मागे घेतले. दिल्लीत हा वाद मानापमानाचा वाटेल. पण ज्या जिल्ह्यात बरेच रुग्ण पाटीवरची पदवी वाचत नाहीत, ‘डागदर’ एवढा शब्द ऐकून दंड पुढे करतात, तिथे या बिरुदाचे वजन वेगळे आहे.

वाद पेटला कशावरून?

सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ च्या कायद्याने एक राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. या आयोगाने २०२५ मध्ये फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात फिजिओथेरपिस्टना नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ लिहिण्याची मुभा होती. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. ९ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) अध्यक्षांना पत्र लिहिले. फिजिओथेरपिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर नाहीत, त्यांनी ‘डॉ.’ वापरू नये, त्यामुळे रुग्णांची दिशाभूल होते, असा त्या पत्राचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी, विषयाचा आणखी विचार करायचा आहे असे सांगून ते पत्र मागे घेण्यात आले.

पुढे केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी २०२६ मध्ये याच मुद्द्यावरच्या याचिका फेटाळल्या. ‘डॉ.’ हे बिरुद फक्त वैद्यकीय पदवीधरांचेच आहे असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी २००२ च्या कायद्याखाली स्वतंत्र राज्य परिषद आहे. त्यामुळे नोंदणी असलेला फिजिओथेरपिस्ट आणि बोगस डॉक्टर यांना एका तराजूत तोलणे चूकच. वाद आहे तो रुग्णाला काय समजते याचा.

‘डॉ.’ ही पदवी की बिरुद?

एमबीबीएसच्या प्रमाणपत्रावर ‘डॉक्टर’ हा शब्द नसतो. ती ‘बॅचलर’ पदवी आहे. बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस यांचेही तसेच. काटेकोर अर्थाने ‘डॉक्टर’ ही पदवी विद्यापीठ देते ती पीएचडीला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘शिकवणारा’ असा आहे. ब्रिटनमध्ये तर शल्यचिकित्सक अजूनही स्वतःला ‘मिस्टर’ म्हणवतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

म्हणजे वैद्यकीय पदवीधराच्या नावाआधीचे ‘डॉ.’ प्रथेने आले आहे. ही प्रथा इतकी मुरली आहे की पीएचडी झालेल्या प्राध्यापिकेलाच लग्नकार्यात ऐकावे लागते, ‘तुम्ही कसल्या डॉक्टर? गोळ्या देता का?’ हे महाराष्ट्रात घडावे, ही गंमतच. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून वैद्यकीय पदवी घेऊन आल्या, तो आपला अभिमान आहेच. पण ‘डॉक्टर’ म्हटल्यावर या राज्यातल्या घराघरांतल्या भिंतीवर ज्यांचा फोटो दिसतो, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कधी स्टेथोस्कोप हातात घेतला नव्हता. कोलंबिया विद्यापीठाची पीएचडी आणि १९२३ मधील लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डीएस्सी, यांतून ते बिरुद आले. तेव्हा पीएचडीवाल्यांनी ‘डॉ.’ सोडावे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने आधी हा फोटो आठवावा.

कायदा काय म्हणतो?

कायदे बरेच आहेत. थेट ‘डॉ.’ या शब्दावर बोट ठेवणारे कमी आहेत.

सर्वात जुना १९१६ चा भारतीय वैद्यकीय पदवी कायदा. आपल्याकडे पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी किंवा परवाना आहे असे भासवणारे बिरुद खोटेपणाने लावले, तर त्याच्या कलम ६ नुसार पहिल्या वेळी २५० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५०० रुपयांपर्यंत दंड. हे आकडे इंग्रजांच्या काळातले आहेत. आज एका सलाइनचे बिल त्याहून जास्त होते.

खरा धाक आहे तो महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ च्या कलम ३३ चा. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर त्यात सक्तमजुरीची तरतूद आहे. पण इथेही शिक्षा व्यवसाय केल्याबद्दल आहे, नुसत्या पाटीबद्दल नाही.

‘डॉक्टर’ या शब्दाचा थेट उल्लेख केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात सापडतो. इलेक्ट्रोहोमिओपॅथीसारख्या पद्धतींना मान्यता नाकारताना त्यात म्हटले होते की, ‘डॉक्टर’ हे बिरुद मान्यताप्राप्त उपचारपद्धतींच्या व्यावसायिकांनीच वापरावे, याची राज्यांनी काळजी घ्यावी. या आदेशाला वीस वर्षे उलटून गेली, पण ‘इलेक्ट्रो’ हा शब्द बारीक आणि ‘होमिओपॅथी’ मोठ्या अक्षरात लिहिलेल्या पाट्या काही गेल्या नाहीत.

पीएचडीच्या बाजूला विद्यापीठ अनुदान आयोग कायदा १९५६ चे कलम २२ आहे. कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. बाकी कोणी दिलेली ‘डॉक्टरेट’ म्हणजे छापलेला कागद. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. त्यात महाराष्ट्रातले नागपूरचे एक नाव वर्षानुवर्षे आहे. पण हॉटेलच्या हॉलमध्ये गाऊन-टोपी घालून ‘मानद डॉक्टरेट’ वाटणाऱ्या संस्था स्वतःला विद्यापीठ म्हणतच नाहीत, त्यामुळे त्या यादीतही सापडत नाहीत. खऱ्या विद्यापीठाची मानद डी.लिट. मिळाली तरी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असा संकेत आहे. तो पाळणारे थोडे.

पदवी आणि नोंदणी यांत फरक काय?

सगळा घोळ या एका फरकात आहे. पदवी विद्यापीठ देते. उपचार करण्याचा अधिकार परिषद देते. एमबीबीएससाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, आयुर्वेद आणि युनानीसाठी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषद, होमिओपॅथीसाठी आणि दंतवैद्यांसाठी त्यांच्या वेगळ्या परिषदा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर दाखवला पाहिजे. नावानंतरही मान्यताप्राप्त पदव्याच लिहायच्या आहेत.

आणि नोंदणी ज्या शास्त्राची, उपचारही त्याच शास्त्राचा. मुंबईतल्या एका होमिओपॅथी पदविकाधारकाने तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा माणूस भोंदूच ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. त्या माणसाकडे पदविका होती, नोंदणी होती आणि ‘डॉ.’ही होते.

महाराष्ट्राने मात्र २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम (सीसीएमपी) केलेल्या होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी मर्यादित वाट मोकळी केली. त्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करण्याच्या निर्णयावर २०२५ मध्ये आयएमएने १८ सप्टेंबरला राज्यात २४ तासांचा संप केला. प्रकरण न्यायालयातही गेले. या वादात दोन्ही बाजू रुग्णाचे नाव घेतात. अक्कलकुव्याच्या रुग्णाला यातला एकही शब्द माहीत नसतो.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न वेगळा का?

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वात कमी. घरी भिली किंवा पावरी, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी नाही तर गुजराती, आणि डॉक्टरची पदवी रोमन लिपीतली चार इंग्रजी अक्षरे!

कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेतून पाट्या वाचत चाललात तर एक गोष्ट दिसते. ‘डॉ.’ आणि नाव वीतभर अक्षरात, मराठीत. पदवी खाली कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी, इंग्रजीत. नोंदणी क्रमांक असलाच तर टेबलामागच्या फ्रेममध्ये. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून राज्याने २०२२ मध्ये नियम कडक केले. पण पदवी मराठीत लिहा, असे दवाखान्यांना कोणी सांगितलेले नाही. ‘डॉ. अमुक (होमिओपॅथी)’ किंवा ‘डॉ. तमुक (आयुर्वेद)’ एवढे मोठ्या अक्षरात लिहायला किती रंग लागतो?

डोंगरात, अक्राणीत आणि नर्मदाकाठच्या गावांत तर पाटीही नसते. नर्मदेच्या पाण्यावरून जाणारा सरकारचा तरंगता दवाखाना, उपकेंद्रातली परिचारिका, आशा, मोटारसायकलवर बॅग अडकवून फिरणारा कोणी ‘बंगाली डॉक्टर’, यांच्यापैकी ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी कधी आयुर्वेद पदवीधर असतात, कधी नर्सिंग पदवीधर. गाव दोघांनाही ‘डॉक्टर’ म्हणते. नर्सिंगवाल्या अधिकारी बाईंनी दर वेळी ‘मी डॉक्टर नाही’ म्हणत बसावे का? माझ्या मते तोंडी हाकेवर कोणाला धरू नये. गाव मायेने म्हणते, म्हणू द्यावे. पण त्याच बाई चिठ्ठीवर ‘डॉ.’ लिहू लागल्या, तर ती दुसरी गोष्ट झाली.

आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर बोगस डॉक्टर फक्त बिरुदावर जगत नाही. तो खऱ्या डॉक्टरच्या लांब असण्यावर जगतो. पावसाळ्यात जिथून रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते, तिथे रात्री दोनला दार उघडणारा माणूस हा लोकांचा डॉक्टर होतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील बोगस डॉक्टर शोध समितीने छापा घातला की बाटल्या जप्त होतात, गुन्हा नोंदवला जातो, बातमी छापून येते. काही महिन्यांनी तोच माणूस पुढच्या पाड्यावर. छापे हवेतच, पण ज्या पाड्यावर छापा पडला तिथे दुसऱ्या दिवशी सरकारी डॉक्टर कधी येणार, हे त्याच आदेशात लिहिलेले असावे, असे मला वाटते.

एक जुनी आठवण इथे सांगायला हवी. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या कोंबड्यांमध्ये सापडला, तेव्हा पुढे उभे होते ते पशुवैद्यक. त्यांच्या नावाआधीच्या ‘डॉ.’वर तेव्हा कोणी शंका घेतली नाही. गोठ्यात आलेल्या डॉक्टरला आपले पोट कोणी दाखवत नाही, म्हणून तिथे बिरुदाने गोंधळही होत नाही.

मग बिरुद सोडूनच द्यावे का?

असा सल्ला शहरात सोपा असतो. इथे वळवी, पाडवी, वसावे, पावरा, गावित या आडनावांच्या माणसाला कचेरीत अजूनही ‘ए, इकडे ये’ अशी हाक ऐकू येते. त्या घरातली पहिली मुलगी एमबीबीएस किंवा पीएचडी होते, तेव्हा ‘डॉ.’ हा शब्द तिच्या नावाभोवतीचे कुंपण असतो. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातून एमबीबीएस आणि मग आयएएस झालेले डॉ. राजेंद्र भारूड इथे जिल्हाधिकारी होते. त्यांच्या नावाआधीच्या ‘डॉ.’ला या जिल्ह्यात काय अर्थ होता, ते पाड्यावरच्या शाळेत विचारावे. नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२०-२१ पासून १०० जागांवर प्रवेश सुरू झाले. त्या मुलांनी बिरुद मिरवले तर मिरवू द्यावे. साडेपाच वर्षांचे कष्ट आहेत त्यामागे. पीएचडीचेही तेच. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षे लागतात, आणि प्रत्यक्षात किती लागतात ते संशोधकाच्या घरच्यांना विचारा.

म्हणूनच फुकटात ‘डॉ.’ लावणारा या मुलांचे काही तरी चोरतो, असे मी म्हणतो. रुग्णाचे तर चोरतोच.

एक तोडगा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या मसुद्यात होता. नोंदणीकृत डॉक्टरांनी नुसते ‘डॉ.’ न लिहिता ‘मेडिकल डॉक्टर’ अशा अर्थाचे बिरुद लावावे, असे त्यात सुचवले होते. २०२३ मध्ये आचारसंहितेचे नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. पण कल्पना वाईट नव्हती. जिथे माणूस आपले शरीर तुमच्या हाती देतो, तिथे ‘डॉ.’पुढचे वाक्य पुरे करण्याची जबाबदारी ते लावणाऱ्याची आहे. कसला डॉक्टर, कोणत्या परिषदेचा, क्रमांक काय. चर्चासत्रात, पुस्तकावर, लग्नपत्रिकेत पीएचडीवाल्याने खुशाल ‘डॉ.’ लिहावे. मात्र पीएचडी झालेल्या माणसाने औषधी वनस्पतींचे दुकान थाटून बाहेर ‘डॉ.’ची पाटी लावली, तर त्याची पदवी खरी असूनही पाटी खोटी आहे.

‘अ‍ॅड.’, ‘आर्किटेक्ट’, ‘प्रा.’ आणि ‘इंजि.’?

वकिलांचे सरळ आहे. एलएलबी झाले म्हणजे ‘अ‍ॅड.’ होत नाही, बार कौन्सिलची सनद लागते. चार्टर्ड अकाउंटंट हे नाव १९४९ च्या कायद्याने राखलेले आहे. ‘आर्किटेक्ट’चे प्रकरण मजेशीर आहे. १९७२ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्याला हे बिरुद लावता येत नाही. पण तो कायदा बिरुद राखतो, काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितले. म्हणजे नकाशा काढा, पण स्वतःला आर्किटेक्ट म्हणू नका.

‘प्रा.’ तर मराठीने खिरापतीसारखे वाटले आहे. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक अशी तीन वेगळी पदे आहेत. आपण तिघांनाही ‘प्रा.’ लिहितो, वर कनिष्ठ महाविद्यालयाचे शिक्षक आणि क्लासवाले सरही त्यातच. यात नुकसान फारसे नाही, फीचे सोडले तर.

राहिले ‘इंजि.’. मी स्वतः अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. गावाकडच्या एका पत्रिकेत माझ्या नावाआधी ते छापून आले होते, तेव्हा मी बातम्यांचे मथळे लिहून पोट भरत होतो आणि आजही तेच करतो. देशात हे बिरुद राखणारा कायदाच नाही, त्यामुळे माझ्यावर कारवाई होणार नाही. पुलाचे डिझाइन मात्र माझ्याकडे आणू नका.

पाटी कशी वाचायची?

महाराष्ट्र वैद्यक परिषदेने २०२५ मध्ये ‘नो युवर डॉक्टर’ या नावाने क्यूआर कोडची सोय आणली. दवाखान्यात लावलेला कोड मोबाइलने स्कॅन केला की डॉक्टरची नोंद दिसते. कोड नसेल तर चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, फिजिओथेरपी यांच्या नोंदी त्यांच्या त्यांच्या परिषदांकडे असतात, तेव्हा वैद्यक परिषदेच्या यादीत नाव नाही म्हणून लगेच बोगस म्हणू नये. चिठ्ठीवर क्रमांकच नसेल तर तो मागावा. शंका राहिली तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.

आधारचा देशातला पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. तेव्हापासून रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत इथला आदिवासी आपला बारा आकडी क्रमांक दाखवत आला आहे. उपचार करणाऱ्याने आपला क्रमांक त्याला दाखवावा, ही मागणी मोठी नाही. धडगावच्या पुढे रेंज नसते आणि कोड स्कॅन होत नाही, हेही खरेच. म्हणून क्रमांक आणि शास्त्राचे नाव पाटीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिणे हाच तिथला क्यूआर कोड.

आणि आम्ही पत्रकार?

बातमीत नावाआधी ‘डॉ.’ छापताना आम्ही काय तपासतो? बहुतेक वेळा काहीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रसिद्धिपत्रक येते, त्यात असते तसे जाते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका सत्काराची आठ ओळींची बातमी केली होती. सत्कारमूर्ती जडीबुटीची औषधे विकणारे. त्यांना कुठल्याशा संस्थेची ‘मानद डॉक्टरेट’ मिळाली होती. मी मथळ्यातच ‘डॉ.’ लिहिले. संस्था कोणती, तिला पदवी देता येते का, हे पाहायला दोन मिनिटे लागली असती.

वर्षभराने त्या गावी दुसऱ्या कामासाठी गेलो. दुकानाच्या बाहेर ‘डॉ.’ची नवी पाटी होती आणि आत, गल्ल्याच्या वर, माझी बातमी लॅमिनेट करून लावलेली. खाली बाकावर तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन एक बाई बसल्या होत्या. मी त्यांना सरकारी दवाखान्यात जायला सांगितले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा वरच्या कात्रणाकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, ‘पेपरात आलेला डॉक्टर आहे हा.’

परत आल्यावर आम्ही चार ओळींचा खुलासा छापला. तो काही कोणी लॅमिनेट केला नाही.